उज्जैनची थंडी, कडकनाथ आणि उंदीर

उज्जैन म्हटले की महाकाल, शिप्रा, सिंहस्थ आणि अलीकडे महाकाल लोकची गर्दी एवढेच लोकांच्या डोळ्यांसमोर येते. इथल्या थंडीबद्दल कोणी बोलत नाही. पाहुण्यांना वाटते, मध्य भारत आहे, एक स्वेटर पुरेल. मग जानेवारीत भस्मारतीसाठी पहाटे रांगेत उभे राहिले की माळव्याची थंडी म्हणजे काय ते कळते. दिवसा ऊन छान असते, बागेत बसून हरभऱ्याचे घाटे सोलावेत असे. पण सूर्य मावळला की पारा झपाट्याने उतरतो. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपासचे हे पठार, आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभराची ऊब रात्री भराभर निघून जाते. एखादे वर्ष कडक निघाले तर रात्रीचे तापमान पाच-सहा अंशांपर्यंत येते. किमान तापमान १० अंशांखाली गेले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरले की हवामान खाते शीतलहर जाहीर करते, दुसऱ्या दिवशी शाळांच्या वेळा बदलतात. माणसे रजई ओढून घेतात. परसातल्या कोंबड्यांनी काय करायचे?

हा प्रश्न मला पडण्याचे कारण माझी आत्या. मी इंदूरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. उज्जैन अवघे ५५ किलोमीटर, त्यामुळे शनिवार-रविवार तिच्याकडे जाणे होते. आत्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली नर्स, वय ६८, एकटी राहते. घर जुने, मागे चांगला मोठा परस. पेरू, सीताफळ, कढीपत्ता, एक तुळशीवृंदावन आणि चार वर्षांपासून कोंबड्या. बारा कडकनाथ आणि एक गावरान तांबडी. आत्या स्वतः अंडे खात नाही. अंडी जातात घरकाम करणाऱ्या ताईंच्या मुलांना आणि ओळखीत कोणी बाळंतीण असेल तर तिला. "आयुष्यभर लोकांना सांगितलं, पोराला रोज एक अंडं द्या. द्यायला अंडं कुठून आणायचं हे कधी सांगितलं नाही. आता देते," असे ती म्हणते.

उज्जैनचे कोंबडे नवे नाहीत

महाकालाच्या नगरीत कोंबड्या पाळतात म्हटल्यावर काही नातेवाइकांच्या भुवया उंचावतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, उज्जैनच्या ८४ महादेवांच्या यादीत २१ वे नाव कुक्कुटेश्वर महादेवाचे आहे. कौशिक नावाचा राजा दिवसा माणूस आणि रात्री कोंबडा होत असे. लहानपणी त्याने कोंबडे फार खाल्ले म्हणून कोंबड्यांच्या राजाने त्याला शाप दिला होता आणि या लिंगाच्या दर्शनाने तो सुटला, अशी कथा सांगतात. दुसरी गोष्ट, सहाव्या शतकात अवंतीत होऊन गेलेल्या वराहमिहिराची. ग्रहताऱ्यांचा एवढा मोठा अभ्यासक, पण त्याच्या बृहत्संहितेत कोंबड्याच्या लक्षणांवर एक छोटा अध्याय आहे. चांगला कोंबडा कसा ओळखावा हे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे आत्याचा परस परंपरेच्या बाहेर नाही.

कडकनाथ हा पक्षी मात्र झाबुआकडचा. इंदूरहून पश्चिमेला गेले की गुजरातच्या सीमेला लागून झाबुआ आणि अलीराजपूर हे भिल्ल-भिलाल्यांचे जिल्हे आहेत. तिथे याला काली मासी म्हणतात. पिसे, तुरा, चोच, कातडी, मांस, हाडांवरचे आवरण, सगळे काळसर. अंडे मात्र काळे नसते, फिकट बदामी असते. हे सांगून सांगून आत्या थकली, तरी नवीन माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. जगात असे काळे पक्षी आणखीही आहेत, चीनची सिल्की, इंडोनेशियाची आयाम चेमानी. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वेळी छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही दावा सांगितला होता, पण मान झाबुआला मिळाला. झाबुआचे कृषी विज्ञान केंद्र पिल्ले उबवून देते.

कडकनाथ काटक असतो. माळव्याचा उन्हाळा सहज काढतो. वर्षाला ८० ते १०० अंडी देतो, म्हणजे फार नाही. आणि त्याची एक मोठी खोड आहे: कोंबडी अंड्यांवर नीट बसत नाही. म्हणून आदिवासी घरांत त्याची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवतात. आत्याच्या तांबडीची नेमणूक त्याच कामासाठी झाली आहे.

डिसेंबरातले तीन दिवस

मागच्या डिसेंबरात तांबडीने नऊ पिल्ले काढली. काळी, कापसाच्या बोंडाएवढी. शुक्रवारी रात्री दोन नाहीशी झाली. शनिवारी आणखी दोन. रविवारी सकाळी एक पिलू अर्धे खाल्लेले सापडले आणि एका मोठ्या कोंबडीच्या पायाचे बोट कुरतडलेले होते. कोंबडी रात्री आंधळी असते, दांड्यावर बसल्या जागी बधिर होते. उंदीर पाय कुरतडत असला तरी ती हलत नाही.

त्याच आठवड्यात मावठा झाला. मावठा म्हणजे माळव्यातला हिवाळी पाऊस. गव्हा-हरभऱ्याला तो चांगला, पण खुराड्यातला भुसा ओला झाला आणि पाठोपाठ उत्तरेचे वारे सुटले. उरलेली चार पिल्ले एकमेकांवर चढून बसू लागली. आत्या त्यांना स्वयंपाकघरात खोक्यात ठेवून रात्री दोनदा उठत होती.

घरात मग सल्ल्यांचा पाऊस पडला. माझा मोठा भाऊ म्हणाला, कोंबड्या देऊन टाक, या वयात कशाला हा ताप. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा बाजारातून उंदराच्या औषधाची ट्यूब घेऊन आला. आत्याने ती ट्यूब हातात घेतली, नाव वाचले आणि त्याला परत दिली. त्या दिवशी तिने जे सांगितले ते मी जसेच्या तसे सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात लहान मुले आहेत.

"या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने गेलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. पोळीला लावून ठेवतात आणि पोर ते खातं. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस पोर बरं वाटतं. आईबाप म्हणतात, घरी नेतो. आणि मग लिव्हर जातं. याला उतारा नाही. माझ्या घरात ही वस्तू येणार नाही."

झिंक फॉस्फाइड, म्हणजे शेतकऱ्यांची काळी पूड, तीही तशीच. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो आणि त्यालाही नेमका उतारा नाही. शिवाय कोंबड्या दाणा टिपणाऱ्या, त्या विषाचा दाणा उंदराच्या आधी टिपतील. ब्रोमॅडिओलोनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाला के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण ते खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस सुस्त फिरत राहतो. त्या दिवसांत त्याला मांजर खाते, घुबड खाते आणि विष पुढे जाते. आत्याच्या सीताफळामागच्या पडक्या भिंतीत गव्हाणी घुबडाची जोडी राहते. एक घुबड रात्रीतून तीन-चार उंदीर सहज उचलते. उंदीर मारायला विष ठेवून उंदीर खाणाऱ्याला मारायचे, यात काय शहाणपण?

म्हणजे अटी ठरल्या. कोंबड्या राहणार, विष येणार नाही, आणि आत्याला रात्री उठावे लागू नये. उरले ते बांधकाम.

आधी पाहणी

दुरुस्तीच्या आधी बिघाड कुठे आहे ते पाहावे, ही आमच्या धंद्यातली सवय. जुना मोबाइल आणि ६०० रुपयांचा अंधारात दिसणारा कॅमेरा खुराड्याकडे तोंड करून लावला. तीन रात्रींचे चित्रण पाहिल्यावर बऱ्याच गोष्टी उलगडल्या.

उंदीर रात्री साडेनऊनंतर येत, म्हणजे गल्ली शांत झाली की. आधी जात ते दाण्याच्या भांड्याकडे. कोंबड्यांकडे त्यांचे लक्ष नंतर वळे. त्यांच्यात एक घूस होती, मांजराच्या पिल्लाएवढी, आणि ती नालीच्या बाजूने विटांच्या खालून वर येत होती. बाकीचे उंदीर तिने उकरलेल्या वाटेने येत.

माळव्याची काळी माती इथे उंदरांच्या बाजूची आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे फरशी तडकते, विटा हलतात आणि घुशीला उकरायला आयती फट मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन निघाले की शेतातले उंदीर रिकाम्या रानातून वस्तीकडे सरकतात. थंडीत तर त्यांना ऊब आणि दाणा दोन्ही हवे असतात, आणि खुराड्यात दोन्ही मिळतात. माळवीतही उंदराला ऊंदराच म्हणतात. आपल्या मराठीशी एवढे जुळणारे दुसरे काही मिळाले असते तर बरे झाले असते.

आकडेही पाहा. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा ते दहा पिल्ले, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालतात. एक उंदीर दिवसाला २०-२५ ग्रॅम दाणा खातो. म्हणजे दहा उंदरांचा महिन्याचा शिधा सहा-सात किलो. एवढा दाणा मिळत असेल तोवर कितीही पिंजरे लावा, जागा रिकामी राहत नाही.

म्हणून पहिले काम फुकटचे केले. संध्याकाळी कोंबड्या दांड्यावर चढल्या की दाण्याचे भांडे उचलायचे, सांडलेला दाणा झाडायचा आणि सगळे पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. पोत्यात किंवा प्लास्टिकच्या बादलीत नको, प्लास्टिक उंदीर एका रात्रीत कुरतडतो. एवढ्याने चौथ्या रात्रीपासून येणाऱ्यांची गर्दी निम्म्यावर आली.

निम्मी का राहिली, याचे उत्तर शेजारी होते. पलीकडचे काका पूर्ण शाकाहारी, अत्यंत सज्जन. गच्चीवर रोज संध्याकाळी कबुतरांना ज्वारी टाकतात. त्यांची आधीपासून तक्रार होती, "बहनजी, आपकी मुर्गियों की वजह से चूहे बढ़ गए हैं।" ते काही अंशी खरेच होते. आत्याने त्यांना बोलावले, चहा दिला आणि मोबाइलवरचे चित्रण दाखवले. त्यात उंदीर त्यांच्या पाइपवरून गच्चीवर चढताना दिसत होते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ज्वारी टाकणे बंद करणार नाही, ते माझ्या वडिलांपासून चालू आहे, पण सकाळी टाकीन. सकाळी टाकलेले कबुतरे दुपारपर्यंत संपवतात, रात्रीसाठी काही उरत नाही. वाद तिथेच मिटला.

वेधशाळेच्या सावलीने बांधलेले खुराडे

नवे खुराडे जमिनीवर नको, पायांवर हवे, हे ठरले. काळ्या मातीशी झगडण्यापेक्षा तिच्यापासून वर उठणे सोपे. अडगळीत दोन जुने लोखंडी पलंग होते, त्यांची चौकट झाली. मिस्त्री झाबुआकडचे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कडकनाथ, त्यामुळे त्यांना समजावण्यापेक्षा ऐकून घेणेच जास्त झाले. खुराडे आठ फूट लांब, चार फूट रुंद, जमिनीपासून तीन फूट वर. प्रत्येक पायाला पत्र्याचे उलटे नरसाळे, उंदीर चढत आला की तिथे अडतो. कोकणात नारळाच्या खोडाला पत्र्याचा पट्टा मारतात ते आठवा, युक्ती तीच. उंदीर सरळ वर दोन-अडीच फूट उडी मारू शकतो, म्हणून उंची तीन फूट आणि आजूबाजूला टेकायला काही नाही.

जाळीबद्दल एक सूचना. बाजारात कोंबडीची जाळी म्हणून षटकोनी भोकांची जी जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. उंदराचे पिलू अर्ध्या इंचाच्या फटीतून आत शिरते. त्यामुळे अर्ध्या इंचाची किंवा त्याहून बारीक वेल्ड केलेली जाळी घ्यावी आणि खिळ्यांऐवजी पट्टी लावून बोल्टने आवळावी. चिमण्या-कावळेही बाहेर राहतात, हा आणखी एक फायदा. २०२० च्या डिसेंबरअखेरीस आपल्या इंदुरात कावळे मरून पडले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता, हे अनेकांना आठवत असेल. रानपक्षी आणि कोंबड्यांचे पाणी एक असू नये.

आता थंडी. इथे उज्जैनने मदत केली.

सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात पाच वेधशाळा बांधल्या, त्यांतली एक उज्जैनला शिप्रेकाठी आहे. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात तिची दुरुस्ती झाली. तिथले शंकुयंत्र वेधशाळेचे अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली बांधले गेले. गोल चौथऱ्याच्या मध्यावर एक उभा शंकू, त्याची सावली कुठे पडते त्यावरून सूर्य कुठे आहे ते कळते. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे २१ जूनला दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते, ते पाहायला शाळांच्या सहली येतात. २२ डिसेंबरला मात्र दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवरच असतो आणि सावली शंकूपेक्षा थोडी लांब पडते. कर्कवृत्त आता नेमके ज्या डोंगला गावाजवळून जाते ते ठिकाण पद्मश्री विष्णु श्रीधर वाकणकरांनी हेरले, असे इथे सांगतात. भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणणारे तेच हे उज्जैनचे वाकणकर.

या दोन सावल्यांवर खुराड्याचे छप्पर बसते. तोंड दक्षिणेला, छप्पर पुढे एक फूट. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे तेवढ्या एका फुटाने दक्षिणेची सगळी जाळी सावलीत राहते. डिसेंबरात सूर्य तिरपा, म्हणून वरचे जेमतेम ११ इंच सावलीत आणि त्याखालून ऊन थेट आत, मधल्या भागापर्यंत. हिशेब दहावीच्या त्रिकोणमितीचा आहे. मी तो कागदावर मांडत होतो तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, "हमारे यहाँ भी मुँह उधर ही रखते हैं, साहब।"

उत्तर बाजू पूर्ण बंद, फळ्या आणि बाहेरून बारदान. पूर्व-पश्चिमेला बारदानाचे पडदे, रात्री सोडायचे, सकाळी गुंडाळायचे. पण छपराखाली सहा इंचांची पट्टी कायम उघडी, तिला फक्त जाळी. थंडी आहे म्हणून सगळे गच्च बंद करावे असे वाटणे साहजिक आहे. पण कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि अंगावर पिसांची रजई असते. कोरड्या थंडीने धडधाकट कोंबडी मरत नाही. तिला आजारी पाडतो ओलावा, अंगावर येणारा झोत आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया. ओलसर गरम हवा वरून निघून जायला वाट हवी आणि वारा दांड्याच्या उंचीवर लागायला नको. खुराड्यात डोके घातल्यावर डोळे चुरचुरले तर हवा खराब आहे, एवढी परीक्षा पुरे.

खाली चार इंच भाताचे तूस आणि गव्हाचा भुसा, आठवड्यातून दोनदा खालीवर करायचा, ओला झाला की तेवढाच काढायचा. दांडा गोल काठीचा नको, दोन इंच रुंद सपाट पट्टी हवी, म्हणजे कोंबडी बसल्यावर पाय पिसांखाली झाकले जातात. संध्याकाळी मूठभर मका जास्त, तो पचताना रात्रभर अंग गरम राहते. सकाळी कोमट पाणी. चुलीची राख आणि कोरडी माती एका घमेल्यात, कोंबड्या त्यात लोळतात आणि पिसांतले किडे जातात. शेगडी किंवा कोळसा खुराड्यात कधीही ठेवू नये. धुराने जीव जातो, कोंबड्यांचा आणि कधीकधी घरच्यांचाही.

पिल्लांचे गणित वेगळे. त्यांना पिसे नसतात. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करायची. खुराड्यातच एक कप्पा जाळीने वेगळा केला, त्यात झाकणाचा बल्ब टांगला, वायर लोखंडी नळीतून नेली, कारण उंदीर वायरही सोडत नाही. पिल्ले बल्बखाली गर्दी करून बसली तर थंडी वाजते आहे, कोपऱ्यात पळाली तर जास्त गरम होते आहे, पसरून बसली तर ठीक. थर्मामीटरपेक्षा हे बरे.

डिसेंबरात अंडी कमी झाली म्हणून घाबरायचे कारण नाही. कोंबडीला अंडी घालायला १४ तासांहून जास्त उजेड लागतो आणि उज्जैनला त्या दिवसांत दिवस पावणेअकरा तासांच्या आसपासचा. बल्ब लावून दिवस वाढवता येतो. आत्याने नकार दिला. "त्यांनाही सुट्टी असू दे," म्हणाली.

पकडलेल्या उंदराचे काय?

हा भाग कोणाला आवडत नाही, पण तो वगळला तर लेख अर्धा राहील.

नवे खुराडे झाले तरी घूस परसातच होती. पिंजरा लावायचा ठरला. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून आधी चार-पाच दिवस पिंजरा उघडाच ठेवून त्यात भजी ठेवली. त्याची सवय झाल्यावर मग पिंजऱ्याची खटकी लावली. तीन आठवड्यांत घूस आणि सहा उंदीर सापडले. चिकट गोंदाचा बोर्ड आणायचा नाही, हे आधीच ठरले होते. त्यावर उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि पाली-चिमण्याही चिकटतात.

पकडलेल्यांचे काय? नातेवाइकांपैकी कोणी म्हणाले, नदीपलीकडे सोडून या. म्हणजे पलीकडच्यांच्या घरात. कोणी म्हणाले, बडे गणेशाच्या गावात राहून गणपतीच्या वाहनाला मारणार? आत्याने दोघांचेही ऐकून घेतले. मग मिस्त्रींना म्हणाली, एका घावात, तडफड नको, आणि मी इथे उभी राहीन. प्रत्येक वेळी ती उभी राहिली. नंतर खोल खड्ड्यात पुरून वर चुना टाकला. काम करताना रबरी मोजे, आणि उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी ब्लीचचे पाणी मारून दहा मिनिटे थांबायचे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पायाला जखम असेल तर ओल्या मातीतूनही तो जंतू शिरतो. नर्सच्या घरात याला सूट नाही.

सातव्यानंतर पिंजरा रिकामाच राहू लागला. आत्याने तो धुऊन ठेवून दिला. नालीच्या कडेने कधी एखादा उंदीर जाताना कॅमेऱ्यात दिसतो, पण वर चढायला वाट नाही आणि खाली दाणा नाही, म्हणून थांबत नाही. उंदीर शहरातून कधी जाणार नाहीत. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताने १९५० पासून सीमेवर गस्त घालून आपला प्रांत उंदीरमुक्त ठेवला आहे, पण तिथे सरकारची यंत्रणा त्यासाठी कायम राबते. आपल्या हातात असते ते आपले परस.

हिशेब

पलंग घरचेच. जाळी, पत्रा, फळ्या, वेल्डिंग आणि मिस्त्रींची मजुरी मिळून साडेतेरा हजार रुपये लागले. उरलेल्या चारपैकी तीन पिल्ले जगली. एक मावठ्याच्या आठवड्यातच गेले होते. बोट कुरतडलेली कोंबडी लंगडते, पण दांड्यावर सगळ्यात आधी तीच चढते. घुबडाची जोडी भिंतीतच आहे.

आणि भाऊ? कोंबड्या देऊन टाक म्हणणारा तो. फेब्रुवारीत त्याची पाच वर्षांची मुलगी आठवडाभर आत्याकडे राहिली. रोज संध्याकाळी दाण्याचे भांडे उचलायचे काम तिचे होते. परत गेल्यावर तिने फोनवर आत्याआजीला विचारले, "भांडं उचललंस का?" आता ती रोज साडेसहाला फोन करते. भावाने कोंबड्यांचा विषय पुन्हा काढलेला नाही.

मंडळातल्या ज्यांच्या घराला परस किंवा मोठी गच्ची आहे आणि जे यंदा कोंबड्या आणायचा विचार करत आहेत, त्यांनी एवढे करावे: पिल्ले आणण्याआधी खुराडे बांधावे, आणि दिवाळीनंतर लगेच, थंडी पडायच्या आत. कॉलनीचे नियम आणि शेजारी, दोन्ही आधी विचारून घ्यावेत. जमले तर २२ डिसेंबरच्या दुपारी मुलांना घेऊन उज्जैनच्या वेधशाळेत जावे आणि शंकूची सावली मोजावी. खुराड्याचे छप्पर किती पुढे काढायचे ते मुलेच सांगतील.